प्रदर्शनात साठ नको, वीस फोटो लाव

बदलत्या बेळगाववरच्या तुझ्या प्रदर्शनाचे फोटो बघितले. वडगावच्या विणकराच्या मागाचा फोटो चांगला आलाय, खरं विणकराचे हात फ्रेमबाहेर गेलेत की! परत जा. कॅमेरा पिशवीतच ठेवून तासभर नुसता बस, मग काढ.

बदल एका फोटोत मावत नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. जुनं नाव अजून टिकलेल्या दुकानांच्या पाट्या शोध आणि वर्षभराने त्याच जागेवरून, त्याच लेन्सने पुन्हा टिप.

कागद मॅट घे, चकचकीत कागदावर ट्यूबलाइटच दिसते. फोटोचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर. फोटोखालच्या ओळी मराठीत आणि कन्नडमध्येही लिही. माझ्या पहिल्या प्रदर्शनात फक्त मराठी होतं, शेजारचे कन्नड काका मुकाट्याने बघून गेले.