पहिल्या लाँग राईडआधी: हात बधिर होण्याबद्दल

तुम्ही नवरा-बायको दोघंही बाईक चालवणार, मस्तच! बायकोचे हात तुमच्याआधी बधिर होतात म्हणून ती नाजूक आहे का, असं विचारलंत, तर अजिबात नाही. बसलेलं शरीर साधारण 4 ते 6 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला 4 ते 6 वेळा बसणाऱ्या) हादऱ्यांना जास्त हलतं, ते बाई-पुरुष दोघांचंही, फरक पडतो तो वजन, हाताचा आकार आणि बसण्याच्या पद्धतीने.

सुरुवातीला एवढंच बघा:
- ग्रिप आवळू नका. सगळे नवे हेच करतात, आणि जितकं घट्ट धराल तितकं व्हायब्रेशन हातात शिरतं. सिंगल सिलेंडर इंजिन 4000 आरपीएमला (मिनिटाला 4000 फेरे) सेकंदाला जवळपास 67 वेळा थरथरतो, मग अंगाचा भार हातांवर टाकून तासन्तास बसलात तर मुंग्या येणारच ना, पोट-मांड्यांनी अंग सावरा.
- मागचं सस्पेन्शन तिच्या वजनाला सेट करा, तुमच्या सेटिंगवर तिला प्रत्येक खड्डा कमरेत बसेल. क्लच-ब्रेकचा लिव्हर लांब पडत असेल तर जवळ घ्या.
- तासाभराने उतराच.

बार-एंड वजनं (थरथर कमी करायला हँडलच्या टोकांना लावतात ती) वगैरे नंतर बघू. बोटं पांढरी पडली किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर डॉक्टरांना दाखवा, आणि गरोदरपणात त्यांना विचारल्याशिवाय राईड नको.