पिंगला उत्तर येत नाही, म्हणजे मशीन बंदच आहे का?

ऑफिसातल्या पीसीवरून हजेरीच्या मशीनला पिंग केलं की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतं, मग मशीन गेलं असं धरायचं का, असं तुम्ही विचारलंय. लगेच धरू नका. मी कोल्हापुरात कारखान्यांची, दुकानांची नेटवर्किंगची कामं करतो. अशी 'गेलेली' मशीनं निम्म्या वेळा भिंतीवर निवांत चालू असतात.

पिंग म्हणजे दारातून मारलेली हाक. "हाईस का रं घरात?" ओ आली तर माणूस आहे. नाही आली, तर बाहेर गेला असेल, नाहीतर वसुलीवाला समजून आत गप्प बसला असेल. विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी, तर बऱ्याचदा अशीच गप्प बसते. पीसी ठणठणीत असतो, पण पिंगला ओ देत नाही.

म्हणून पिंग झाल्या झाल्या त्याच काळ्या खिडकीत 'आर्प -ए' (arp -a) टाइप करा. एकाच नेटवर्कमध्ये पिंग पाठवायच्या आधी तुमचा पीसी समोरच्याचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे कारखान्यातूनच मिळालेला त्याचा नंबर, विचारून घेतो, आणि ती विचारणा फायरवॉल सहसा अडवत नाही. यादीत त्या आयपीसमोर (ज्या नेटवर्क पत्त्याला पिंग केलं त्यासमोर) मॅक दिसला तर तिथं कुणीतरी आहे. मात्र तो मशीनच्या मागच्या स्टिकरवरचाच आहे ना, तेवढं बघा. मला एकदा तोच आयपी घेऊन बसलेला कुणाचा तरी मोबाईल सापडला होता.

मॅक बरोबर असेल तर पॉवरशेल या विंडोजच्या कमांडच्या खिडकीत 'टेस्ट-नेटकनेक्शन' (Test-NetConnection) देऊन थेट पोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या नंबरच्या दारातून मशीनशी बोलतं ते दार, तपासा. बऱ्याच बायोमेट्रिक मशीनचा पोर्ट ४३७० असतो, तुमचा मेनूत बघून घ्या. पोर्ट उघडा असेल तर पिंगचा नाद सोडा, घोळ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे.

(पिंग हे नाव पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून आलंय. माइक म्यूस या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कचाच एक घोळ शोधताना हा प्रोग्राम लिहिला.)

'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर मात्र गोष्ट वेगळी. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये तिथला पोरगा मला फोनवर म्हणाला, "दादा, चारही रिप्लाय आल्यात, लॉस्ट शून्य, तरी हजेरी येत न्हाई." म्हटलं, रिप्लाय कुठल्या आयपीवरून आलाय ते वाच. वाचला, तर तो त्याच्याच लॅपटॉपचा! मशीन सापडत नाही हे लॅपटॉप स्वतःच सांगत होता, आणि विंडोज ते सांगणंसुद्धा 'रिसीव्हड' मध्ये मोजतं. तिथं आर्पच्या यादीतही मॅक नव्हता, म्हणजे केबल, स्विच किंवा करंट. जाऊन बघितलं तर लेथपाशी असलेल्या स्विचचा अडॅप्टर काढून कुणीतरी मोबाईल चार्जिंगला लावला होता. ९४ टक्के झाला होता.