ऑर्डरी वाढल्या, पैसे कुठे गेले?

ऑनलाइन विक्रीबद्दल येणारे निम्मे प्रश्न एकाच वाक्याने सुरू होतात : ‘ग्रुपवर कोणीतरी सांगितलं की...’ त्या कोणीतरीचा पत्ता कधी लागत नाही, नोटीस मात्र तुमच्या पत्त्यावर येते. म्हणून तीच उत्तरं पुन्हा एकदा.

प्रश्न : मी सावंतवाडीहून कोकम सरबत आणि आंबावडी विकतो. वर्षाची विक्री नऊ-दहा लाख. ४० लाखांपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही असं कळलं. आता पणजी आणि बंगळुरूहून मागणी येतेय. पाठवू ना?

उत्तर : नंबर घेतल्याशिवाय पाठवू नका. ४० लाखांची मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यासाठी आहे. गोव्याच्या सीमेवरचं बांदा गाव ओलांडून एक बाटली पणजीला गेली की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि करपात्र माल परराज्यात विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना अटींसह सवलत आहे, सरबताला नाही. मार्केटप्लेसवरून, म्हणजे अॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या साइटवरून, विकणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून थोडी मोकळीक मिळाली : मर्यादेखालचा विक्रेता जीएसटी पोर्टलवर एनरोलमेंट क्रमांक घेऊन जीएसटी नंबराशिवाय विकू शकतो, पण फक्त आपल्याच राज्यात. ऑनलाइन शिकवण्या किंवा डिझाइनसारख्या सेवांना मात्र साधारण २० लाखांपर्यंत परराज्यातलं गिऱ्हाईकही चालतं. कोणीतरी सेवेचा नियम मालाला लावतं आणि तो ग्रुपभर फिरतो. आधीच काही पार्सलं गेली असतील तर स्वतःच पोर्टलवर काहीबाही भरत बसू नका. बिलं घेऊन सीएकडे जा.

प्रश्न : फक्त ओळखीच्यांना व्हॉट्सअॅपवर चकल्या आणि लाडू विकते. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते का?

उत्तर : हो. आणि तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा.

प्रश्न : मी पुण्यात कापडी आकाशकंदील आणि लॅम्पशेड बनवते, इन्स्टाग्रामवरून विकते. वर्षभरात ऑर्डरी तिपटीने वाढल्या, पण खात्यातली शिल्लक तेवढीच. जाहिरात बघणारा मुलगा म्हणतो बजेट दुप्पट करा, परतावा पाचपट येतोय. करू का? (सोबत एका कंदिलाचे आकडे पाठवले आहेत.)

उत्तर : आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक महिन्याची विक्री कळवतात आणि तिलाच कमाई म्हणतात. बजेटचं नंतर बघू, आधी एका पार्सलचा हिशेब मांडू.

कंदील ६५० रुपयांना. कापड, सांगाडा, शिवणाऱ्या बाईंची मजुरी मिळून २४०. खोका आणि बबल रॅप ३५. पैसे गोळा करण्याचा खर्च, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या गेटवेचं किंवा सीओडीचं (पार्सल हातात पडल्यावर पैसे) शुल्क, सरासरी ३०. जाहिरात दर ऑर्डरीमागे १२०. कुरिअर १५५. उरले ७० रुपये. त्यात तुमची स्वतःची मजुरी तुम्ही शून्य धरली आहे. ती का, हे मला कोणतीच घरगुती उद्योजिका आजवर सांगू शकलेली नाही. जीएसटीही अजून धरलेला नाही.

तुम्हीच लिहिलंय की सीओडीवर पाठवलेल्या दहांतली दोन पार्सलं परत येतात. आठ पार्सलांचे ७० प्रमाणे ५६० मिळाले. परत आलेल्या प्रत्येकावर जाहिरातीचे १२०, खोक्याचे ३५, जायचे १५५ आणि यायचे १५५, असे ४६५ गेले. दोघांचे ९३०. म्हणजे सीओडीच्या दहा ऑर्डरींमागे ३७० रुपयांचा तोटा, आणि चेपून आलेल्या कंदिलाची किंमत त्यात नाही. ऑर्डरी तिप्पट झाल्या तसा तोटाही तिप्पट झाला. दिवाळीला तुम्ही १० टक्के सूटही दिलीत. ती ६५ रुपयांची, आणि उरत होते ७०.

तो मुलगा खोटं बोलत नाही. ६५० भागिले १२० पाचाच्या वरच येतं. पण त्याच्या स्क्रीनवर ऑर्डर पडली की ती विक्री. पार्सल परत आलेलं त्याला दिसत नाही आणि त्याचं कमिशन बजेटवर असेल तर बघून घेण्यात त्याला रसही नाही. त्याला एवढंच विचारा : पोचलेल्या आणि पैसे मिळालेल्या ऑर्डरींवर परतावा किती? बहुधा तो विषय बदलेल.

आता १५५ रुपये कुरिअर का लागतं ते पाहू. कंदील ३०० ग्रॅमचा, मग एवढे पैसे कसले, असं तुम्ही विचारलंय. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायचं. तुमचा खोका ३५ बाय ३५ बाय २५. उत्तर सहा किलोच्या वर. तुम्ही हवा पाठवताय आणि तिचं भाडं भरताय. हाच कंदील घडीचा केलात, ३५ बाय २५ बाय ४ च्या खोक्यात बसवलात, तर तेच वजन ७०० ग्रॅम होतं. कुरिअर समजा ७० वर आलं. मग पोचलेल्या पार्सलामागे १५५ उरतील, आठांचे १२४०. परत आलेल्या दोघांवर जातील ५९०. दहांमागे ६५० रुपये हाती. मघाशी ३७० तोटा होता. जाहिरातीवर एक रुपया जास्त न घालता.

सीओडी एकदम बंद करू नका, पण शंभर रुपये आगाऊ घ्या आणि पार्सल निघण्यापूर्वी पत्ता फोनवर पक्का करा. ज्याला कंदील खरंच हवाय तो शंभर रुपयांवरून अडत नाही. कुरिअरचं बिल दर महिन्याला आपल्या मापांशी ताडून बघा. वजनात तफावत दाखवून जास्तीचे पैसे लावले जातात आणि हरकत घ्यायला मोजके दिवस असतात. किमतीला हात लावण्यापूर्वी मात्र हे सगळं जीएसटीसह सीएकडून तपासून घ्या. मी तुमच्या पत्रावरून बोलतोय, वह्या पाहिलेल्या नाहीत. तोवर बजेट आहे तिथेच ठेवा.

प्रश्न : तीन हजारांत २०० पंचतारांकित अभिप्राय देतो असं एकाने सांगितलंय. घ्यावेत का?

उत्तर : नाही. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहिणं ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट मना आहे.

प्रश्न : उद्यम नोंदणीसाठी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) एजंट अडीच हजार मागतोय. रास्त आहे का?

उत्तर : नोंदणी फुकट आहे. सरकारी पोर्टलवर आधार-पॅन घेऊन बसा. तशाच नावाच्या खासगी साइट शोधात वर येतात आणि ‘शुल्क’ मागतात, त्यांवर जाऊ नका.

प्रश्न : मार्केटप्लेस दर वेळी थोडे पैसे कापून घेतं. ते बुडाले का?

उत्तर : कमिशन आणि डिलिव्हरीचे गेले. कराचे मात्र तुमचेच आहेत. जीएसटीपोटी अर्धा टक्का कापतात (१० जुलै २०२४ पूर्वी एक टक्का होता). तो जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारावा लागतो, तरच खात्यात जमा होतो. प्राप्तिकरापोटी ०.१ टक्का कापतात, तो विवरणपत्र भरताना वजा मिळतो. कित्येक जण दोन्ही सोडून देतात. शेवटची दोन वर्षं सीएला उघडून बघायला सांगा.

प्रश्न : सगळे पैसे माझ्या बचत खात्यावर यूपीआयने येतात. रकमा लहान आहेत, कोण बघतंय?

उत्तर : जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा काहींनी दुकानावर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. तो काही उपाय नव्हे. धंद्याचं खातं वेगळं काढा. खात्यात आलेला प्रत्येक रुपया उत्पन्न नसतो, पण बहिणीने पाठवलेले पैसे आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच खात्यात मिसळले की ते सिद्ध करणं तुमच्या अंगावर येतं. छोट्या धंद्याला डिजिटल जमेवर ६ टक्के नफा धरून कर भरण्याची सोय आहे. ६ टक्के हा किमान आकडा. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा. तुमच्या कामाला ही सोय लागू आहे का, हे विवरणपत्राच्या मुदतीच्या आदल्या रात्री नव्हे, आत्ताच विचारून घ्या.

प्रश्न : ‘लष्करातून बोलतोय’ म्हणून एकाने ४० साड्यांची ऑर्डर दिली. आगाऊ रक्कम पाठवतो म्हणत क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला लावला. २२ हजार गेले. तीन आठवडे झाले, आता काय करू?

उत्तर : पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. तीन आठवडे कशाची वाट पाहिलीत? अशा वेळी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर त्याच तासात फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते, आता ती फार कमी. तरीही आज फोन करा, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवा, व्यवहार क्रमांकासह बँकेला लेखी कळवा आणि पोचपावती घ्या. तक्रारीचा क्रमांक घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. जाताना चॅटचे स्क्रीनशॉट छापून न्या, फोन हरवतात.