दुर्बिणीची घाई नको

अरे, तारे बघायला दुर्बीण घ्यायचे पैसे सध्या खिशातच ठेव. डिसेंबरात अमावास्येच्या आसपास मुंबईजवळच्या वांगणीला चल. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल काढायचा नाही. अंधाराला सरावलेले डोळे एका मेसेजपायी वाया जातात. (मी अजूनही ही चूक करतो.)

रात्री दहाच्या सुमारास मृग नक्षत्र शोध. त्याच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांच्या रेषेत खाली आलास की ठळक व्याध तारा. त्याचा प्रकाश तिथून सुमारे ८.६ वर्षांपूर्वी निघालाय, तू शाळेत होतास तेव्हा. कृत्तिकांच्या तारकापुंजाचा साधारण ४४० वर्षांपूर्वीचा, म्हणजे शिवजन्माच्याही आधीचा!

देवयानी दीर्घिकेचा (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या ताऱ्यांच्या महासमूहाचा) पुसट ठिपका मात्र थेट बघू नकोस, नजर किंचित बाजूला ठेव. मंद उजेड डोळ्याच्या कडेला जास्त जाणवतो. आणि तो उजेड २५ लाख वर्षं वाटेत होता.