तारकासमूह ओळखायला कसं शिकावं? त्यासाठी दुर्बीण घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात इमारतीच्या गच्चीवरून आकाश बघता, मोबाईलवरचं ॲप नावं दाखवतं, पण फोन खिशात टाकला की सगळे तारे सारखेच वाटतात. म्हणून दुर्बीण घेऊ का, असं विचारताय.

आत्ता घेऊ नका. दुर्बिणीतून आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो आणि तारकासमूह ऐसपैस पसरलेले असतात. ते डोळ्यांनीच शिकायचे. शहरातल्या उजेडाचीही सुरुवातीला फार खंत करू नका. त्यात बारीक तारे पुसले जातात आणि ठळक तेवढेच उरतात. नवख्या माणसाला ते सोयीचंच असतं, कारण खऱ्या काळोख्या माळरानावर ताऱ्यांच्या गर्दीत ओळखीची आकृतीसुद्धा हरवते.

सुरुवात मृग नक्षत्रापासून करा. डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊला पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठळक तारे, हे हरणाचे चार पाय. मधोमध एका ओळीत तीन तारे, हा त्याच्या पोटात घुसलेला बाण. मृग उगवताना हा बाण जवळजवळ उभा दिसतो. त्याची रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेघ वर नेली की तांबूस रोहिणी, आणि आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. प्रजापती हरणाचं रूप घेऊन रोहिणीच्या मागे धावला आणि व्याधाने त्याला बाण मारला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. आकाशातही तोच क्रम आहे: रोहिणी पुढे, तिच्यामागे मृग, त्याच्यामागे व्याध. उगवतातही त्याच क्रमाने. ज्याने ही गोष्ट रचली त्याने आकाश किती बारकाईने पाहिलं असेल, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मृगाच्या चौकोनात समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर काक्षी आणि राजन्य हे तारे आहेत. उगवत्या मृगात काक्षी डावीकडे, राजन्य उजवीकडे. दोघांवर आळीपाळीने नजर फिरवत राहा. पहिल्यांदा दोन्ही पांढरेच वाटतील. जरा वेळाने काक्षीचा नारिंगी आणि राजन्याचा निळसर रंग वेगळा जाणवू लागेल. ताऱ्यांना रंग असतात हे वाचून पटत नाही, ते असं बघावं लागतं. त्यानंतर मृगावरूनच पुढे सरका. काक्षी, व्याध आणि प्रश्वा यांचा मोठा त्रिकोण, मग पुनर्वसूची जोडी, मग उत्तरेकडचा ब्रह्महृदय. एका संध्याकाळी एकच नवा तारा पुरे.

बघायची वेळ शक्यतो ठरावीक ठेवा. प्रत्येक तारा रोज सुमारे ४ मिनिटं आधी उगवतो, म्हणजे महिन्याला २ तास. त्यामुळे त्याच वेळी तेच आकाश हळूहळू पश्चिमेला सरकत जातं. जूनमध्ये आपण ‘मृग लागला’ म्हणतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून पेरणीच्या दिवसांत मृग दिसत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळनंतर उत्तरेकडे सप्तर्षी असतात. त्यांच्या चौकोनातले शेपटीपासून दूरचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेघ त्याच दिशेने साधारण पाचपट वाढवली की ध्रुव. तो फार तेजस्वी असेल या समजुतीने अनेकांची निराशा होते. तो मध्यम तेजाचा आहे, आणि ठाण्याहून क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर. समोर इमारत असेल तर तो दिसणारच नाही. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे नेला की आधी स्वाती, मग चित्रा.

चंद्राची मदत जरूर घ्या. दिनदर्शिकेत रोजचं चंद्रनक्षत्र छापलेलं असतं. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा हे तारे चंद्राच्या वाटेवरच आहेत, त्यामुळे त्या दिवशी तो तारा चंद्राच्या आसपास, एक-दोन मुठींच्या अंतरात सापडतो. हे शुद्ध पक्षात अष्टमीपर्यंत करा, पुढे चांदणं फार होतं. स्वाती आणि श्रवण मात्र चंद्राच्या वाटेपासून बरेच दूर आहेत, तिथे ही युक्ती चालत नाही. आणि याच पट्ट्यात नकाशात नसलेला, न लुकलुकणारा ठळक ‘तारा’ दिसला तर तो ग्रह समजा.

ॲप फक्त शेवटी पडताळून पाहायला उघडा, तेही स्क्रीन लाल करून. पांढऱ्या उजेडाने काळोखाला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीसेक मिनिटं जातात. त्यापेक्षा कागदी नकाशा बरा. त्यात उत्तर वर असली तर पूर्व डावीकडे असते. ती चूक नाही, तो नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो.

एक-दोन हंगाम असे गेले की वांगणीसारख्या ठिकाणी हौशी खगोलप्रेमींबरोबर रात्रभराच्या आकाशदर्शनाला जा. तोवर उपकरण घ्यायची इच्छा टिकली, तर टेलिस्कोपऐवजी ७×५० किंवा १०×५० ची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास). तिच्यातून आधी कृत्तिका बघा, आणि मग मृगाच्या बाणाजवळ दक्षिणेकडे दिसणारा धूसर ठिपका. तो तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग आहे. तिथे नवे तारे जन्माला येतायत.