ताटातलं नाव

"सून नाव बदलणार नाही म्हणते. पहिलंही नाही आणि आडनावही नाही. म्हणजे आमचं घर तिनं आपलं मानलंच नाही, असंच ना?"

लग्नसराई संपली की समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. यंदा तो घेऊन आल्या त्या कोथरूडच्या एक निवृत्त शिक्षिका. लेखात त्यांचं खरं नाव देता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी मनानंच एखादं नाव घातलं असतं, पण इथे विषयच नावाचा, म्हणून त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "यमुना लिहा." का, ते पुढे येईल.

यमुनाकाकूंचं लग्न १९८७ सालचं. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. माहेरचं चार अक्षरी नाव गेलं, दोन अक्षरी आलं. मधलं नाव आणि आडनाव तर बदलणारच होतं. "एका दुपारीत माझं नखशिखांत सगळं नाव गेलं आणि वर मी लाजून हसत होते," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, सापडलं दुखणं. सुनेवरचा राग हा मुळात स्वतःच्या हरवलेल्या नावाचा राग. मी त्यांना घरी करायला एक काम दिलं : त्या जुन्या नावाच्या मुलीला पत्र लिहा.

पुढच्या वेळी वही कोरीच होती.

"तिला काय लिहू? मला ती परत नकोय. साताऱ्याहून आलेली, पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारी मुलगी होती ती. बी.एड. केलं ते या नावानं. तीस वर्षं हजेरीपटावर सही केली ती या नावाची. माझे विद्यार्थी मला याच नावानं ओळखतात."

अंदाज माझा चुकला होता. आमच्या धंद्यात हा मोह फार. जुनं नाव म्हणजे खरं आणि नंतरचं म्हणजे लादलेलं, अशी सोपी वाटणी करून टाकायची. प्रत्यक्षात माणूस एका नावात मावत नाही. काकू माहेरी अजून बेबी आहेत, भाचरांच्या बेबीमावशी. शाळेत बाई. सोसायटीत अमक्याच्या आई. बेबी म्हणून हाक आली की त्यांचा आवाज बदलतो, हे मी स्वतः ऐकलंय. सत्र चालू असताना भावाचा फोन आला होता. यात गोंधळ काहीच नाही. पाळण्यातलं नाव केशव असलेल्या माणसाला सगळा देश बाळ गंगाधर टिळक म्हणून ओळखतो. घरातली हाक पुस्तकांवर चढली, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

फरक एवढाच की पुरुषाचं नाव असं हळूहळू, वापरता वापरता बदललं. बायकांचं एका दिवसात बदलायचं. टिळकांच्याच घरात तापीबाई सत्यभामाबाई झाल्या. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर माझी खोली आहे, त्या धोंडो केशव कर्व्यांच्या गोदूबाई आनंदीबाई झाल्या. काकूंना मी सांगितलं की डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, आणि पुण्यात सेवासदन उभं करणाऱ्या रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुनाच. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोघी यमुना. आणि दोघींचं मोठं काम दुसऱ्याच नावानं झालं."

मग खरं दुखणं हळूच बाहेर आलं. सुनेनं नाव बदललं नाही याचं त्यांना तितकंसं वाईट वाटत नव्हतं. मुलानं लग्नाआधी तिला विचारलं होतं : "तुला बदलायचंय का?" ती नाही म्हणाली आणि विषय संपला. हे दोन मिनिटांचं बोलणं काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. "मला कुणी विचारलंच नाही हो. विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते. पण विचारायला हवं होतं."

कायद्याचं मी थोडक्यातच सांगितलं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं ठरवलं तर पॅन, आधार, बँक असं एकेक दार ठोठवावं लागतं. कुठे विवाह प्रमाणपत्र पुरतं, कुठे राजपत्रातली नोंद मागतात. काकूंची पहिली पदवी एका नावावर आणि निवृत्तिवेतन दुसऱ्या नावावर, त्यामुळे हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत. एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आपल्या राज्यात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असं लिहितात. सून पाच महिन्यांची गरोदर आहे. काकूंनी बोटांवर मोजत नातवंडाचं नाव जुळवून पाहिलं. "म्हणजे हिचं नाव आमच्या आडनावासोबत येणारच की! तिनं बदललं नाही तरी."

आडनावाचं त्यांच्या मनातून अजून पूर्ण गेलेलं नाही. नातेवाईक विचारतात तेव्हा त्या विषय बदलतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी एक हकिगत सांगितली. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी यजमानांना विचारलं, माझं नाव निवडलं कुणी?

"आईनं," ते म्हणाले. "मलाही ताटासमोर बसल्यावरच कानात सांगितलं. मी नुसतं गिरवलं." मग थोडं थांबून, "तुला आवडलं होतं का?"

"इतक्या वर्षांनी विचारताय?" असं काकू म्हणाल्या आणि ताटं उचलायला उठल्या. उत्तर काय दिलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही.