पाणी कुठवर येईल, हे आधी विचारणारी माणसे

प्रश्न: माझी मुलगी बडोद्याच्या कलाभवनात स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले. आम्ही चिखल काढत असताना ती जिन्याजवळच्या भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेषेची उंची टेपने मोजत होती. नंतर शेजारच्या चार घरांतही तिने ती मोजून वहीत लिहून ठेवली. दक्षिण गुजरातमधल्या काक्रापार अणुवीज प्रकल्पाविषयी वाचल्यापासून तिने ठरवले आहे की अणुवीज प्रकल्प बांधण्याआधी त्याची सुरक्षा तपासणाऱ्यांमध्ये जायचे. तिच्या वडिलांचा बांधकामाचा व्यवसाय आहे आणि तिने तो पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा आहे. अशा कामात सिव्हिलवाल्यांना कितपत वाव असतो? किरणोत्साराचा धोका किती? आणि जन्मभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढत बसण्यात कसले आले करिअर? — एक आई, बडोदे

उत्तर:

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

भिंतीवरची ती रेष मोजण्याचा प्रसंग तुम्ही काहीशा संकोचाने लिहिला आहे. तुमच्या मुलीची निवड मला त्या प्रसंगातच सर्वांत स्पष्ट दिसली. पाणी किती वर आले हे सगळेच बोलतात. ते नेमके किती आले हे पाच ठिकाणी मोजून लिहून ठेवणारी माणसे थोडी असतात, आणि ज्या कामाविषयी तुम्ही विचारता आहात त्याचा पाया अशाच नोंदींवर उभा असतो.

अणुवीज म्हटले की डोळ्यांसमोर भौतिकशास्त्रज्ञ येतात, त्यामुळे सिव्हिलवाल्यांना वाव किती, हा तुमचा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु प्रस्तावित प्रकल्पाचा सुरक्षा आढावा सुरू होतो तो जमीन, पाणी आणि भूकंप या तीन गोष्टींपासून, आणि त्या वेळी जागेवर अणुइंधनाचा कणही आलेला नसतो. आपल्याकडे हे काम अणुऊर्जा नियामक मंडळ करते. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. प्रकल्प उभारणाऱ्या संस्थेला एकदाच परवानगी देऊन मंडळ मोकळे होत नाही. जागेला संमती, बांधकामाला संमती, अणुभट्टी कार्यान्वित करण्याला संमती, चालवण्याला संमती आणि शेवटी ती कायमची बंद करण्याला संमती, असे टप्पे असतात. बांधकामाच्या संमतीतही खोदाई, पहिले काँक्रीट आणि मुख्य यंत्रसामग्रीची उभारणी असे पोटटप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर अर्जदाराने दिलेला सुरक्षा विश्लेषण अहवाल तज्ज्ञांच्या समित्या वाचतात, प्रश्न काढतात, उत्तरे मागवतात, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पुन्हा विचारतात. स्थापत्याशी संबंधित सुरक्षेसाठी तर एक स्वतंत्र समितीच असते.

त्या समितीपुढे कोणते प्रश्न येतात, हे सांगितल्याशिवाय या कामाचे स्वरूप ध्यानात येणार नाही. जागेपासून पाच किलोमीटरच्या आत हालचाल होऊ शकेल असा भ्रंश, म्हणजे भूस्तरातली भेग, आढळला, तर ती जागा नाकारली जाते. म्हणून भूस्तराचे नकाशे आणि खोदून काढलेले नमुने बारकाईने पाहावे लागतात. अणुभट्टी सुरक्षितपणे बंद ठेवण्यासाठी आवश्यक असलेल्या रचना दहा हजार वर्षांतून सरासरी एकदा येईल इतक्या तीव्र भूकंपाला टिकतील, हे गणिताने दाखवावे लागते. असा भूकंप प्रकल्पाच्या साठ वर्षांच्या आयुष्यात येण्याची शक्यता हजारात सहाच्या आसपास असते. याउलट ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग आपण फार निर्धास्तपणे वापरतो, पण त्याच साठ वर्षांत तो निदान एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के भरते. संख्याशास्त्राचा हा पेपर मुले बहुधा उत्तीर्ण होण्यापुरताच वाचतात. तुमच्या मुलीने तो मन लावून वाचावा.

काक्रापारविषयी तिने वाचले आहे, म्हणून तिथलीच हकिगत सांगतो. तो प्रकल्प तापीकाठी, उकाई धरणाच्या खालच्या अंगाला आहे. साहजिकच धरणातून प्रचंड विसर्ग झाला किंवा धरणच फुटले तर पाणी कुठवर चढेल, हा तिथे मोठा प्रश्न असतो. आजवा जलाशयाचे पाणी आणि विश्वामित्रीचा पूर यांचे नाते बडोदेकरांना निराळे सांगायला नको. असे असूनही १९९४ च्या जून महिन्यात काक्रापारच्या टर्बाइन इमारतीत जे पाणी शिरले, ते तापीचे नव्हते. मुसळधार पावसाने शेजारचा लहानसा तलाव तुंबला, त्याचे दरवाजे वेळेवर उघडता आले नाहीत आणि पाणी केबलच्या चरांमधून आत आले. त्या वेळी पहिली अणुभट्टी बंद स्थितीत होती आणि दुसरी अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे अनर्थ टळला. मोठ्या नदीकडे लक्ष लागलेले असताना पाणी एका साध्या चरातून आत यावे, ही गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या स्थापत्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. ‘पुराचा विचार केला आहे का?’ असे आढावा घेणाऱ्याने विचारले, तर ‘होय’ एवढेच उत्तर येते. केबलचा चर कोणत्या पातळीवर आहे, आवारातले पाणी जास्तीत जास्त कोणत्या पातळीपर्यंत चढेल आणि चराचे तोंड कशाने बंद केले आहे, असे विचारले तर समोरच्याला नकाशा उघडावाच लागतो. असा प्रश्न सुचणे हेच या व्यवसायातले खरे कौशल्य आहे.

जपानमधल्या दोन प्रकल्पांची तुलनाही तिने अभ्यासावी. फुकुशिमा दाईइचीची जागा मुळात समुद्रसपाटीपासून सुमारे ३५ मीटर उंच होती. ती कापून मुख्य इमारतींसाठी सुमारे १० मीटरवर आणली गेली. २०११ पर्यंत तिथे गृहीत धरलेल्या त्सुनामीची उंची सहा मीटरच्या आसपासच होती. ११ मार्च २०११ रोजी आलेले पाणी १४ मीटरच्याही वर चढले, तळघरातील डिझेल जनित्रे बुडाली आणि पुढे काय झाले ते जगाने पाहिले. भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ असलेला ओनागावा प्रकल्प मात्र सुरक्षितपणे बंद झाला, कारण त्याची जागा १४.८ मीटर उंचीवर ठेवलेली होती. तोहोकू वीज कंपनीतील यानोसुके हिराई या अभियंत्याने त्या किनाऱ्यावरच्या जुन्या त्सुनामींचा दाखला देऊन, खर्च वाढत असतानाही, या उंचीचा आग्रह धरला होता. लाट आली तेव्हा ते हयात नव्हते.

आता ‘चुका काढत बसणे’ या तुमच्या शब्दांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजी मला तिथे जाणवली. कर्नाटकातील कैगा येथे १३ मे १९९४ रोजी, म्हणजे काक्रापारच्या घटनेच्या महिनाभर आधी, बांधकाम चालू असलेल्या अणुभट्टीच्या आतल्या घुमटाचा खालचा थर सुटून कोसळला. सुमारे १३० टन काँक्रीट खाली आले. काही कामगार जखमी झाले, सुदैवाने कोणी दगावले नाही. घुमट प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा, म्हणजे आतल्या पोलादी केबल ताणून आधीच दाबाखाली आणलेल्या काँक्रीटचा होता. वक्र मार्गाने नेलेल्या केबल ताणल्या की काँक्रीटमध्ये घुमटाच्या जाडीच्या दिशेने ओढ निर्माण होते आणि ती पेलण्यासाठी त्या दिशेने पुरेशा सळया लागतात. आराखड्यात नेमकी तिथे उणीव राहिली होती. काम थांबले, नव्याने संकल्पन झाले, आणि तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९९९ आणि २००० मध्ये सुरू झाल्या. आराखड्याच्या टप्प्यावर हा प्रश्न कोणी चिकाटीने लावून धरला असता, तर उत्तर आणखी काही सळया आणि सुधारलेला एक नकाशा एवढेच असते. ताई, कागदावर दुरुस्त झालेली चूक कोणाच्या नावावर लागत नाही, आणि ती शोधणाऱ्याचे नावही कोणाला कळत नाही. हे ज्याला सोसवत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला सोसवते त्याच्यासाठी अभियांत्रिकीत याहून मोलाचे काम मला तरी ठाऊक नाही.

मात्र या कामात एक अडचण आहे आणि ती मुलीला आधीच ठाऊक असावी. नियामकाचे बळ त्याच्या स्वातंत्र्यात असते. आपल्या मंडळाला ते पुरेसे नाही, अशी टीका अनेक वर्षे होत आली. २०१२ मध्ये कॅगनेही आपल्या अहवालात मंडळाच्या कायदेशीर दर्जावर बोट ठेवले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या शांती कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आणि त्याच कायद्याने खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचे दार उघडले. अर्जदार वाढले की अर्ज वाचणाऱ्या जाणकारांची गरजही वाढणार. परंतु वेळापत्रकाचा दबाव, ‘एवढ्याशा मुद्द्यासाठी काम अडवता का’ असा सूर आणि आपल्याहून वयाने व अनुभवाने मोठ्या अभियंत्यांसमोर आपला प्रश्न मागे न घेण्याची वेळ, या गोष्टी कोणत्याही कायद्याने नाहीशा होणार नाहीत. तुमची मुलगी घरात वडिलांशी मतभेद झाला की गप्प बसते की शांतपणे आपली कारणे सांगते, हे पाहा. तिच्या गुणपत्रिकेपेक्षा मला ते अधिक सांगून जाईल.

किरणोत्साराची भीती मात्र मनातून काढून टाकावी. बांधकामाच्या टप्प्यावर इंधनच नसते आणि आढाव्याचे बहुतांश काम कार्यालयात चालते. पुढे चालू प्रकल्पांच्या पाहणीला जावे लागले, तरी तिथे प्रत्येकाला मिळालेल्या किरणोत्साराच्या मात्रेची नोंद ठेवली जाते. कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे त्या मात्रेचे एकक) आहे, आणि जगभरच्या माणसांना निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात. माझ्या मते, बांधकामाच्या जागेवर हेल्मेटशिवाय फिरण्यात याहून मोठा धोका आहे.

वाटेविषयी सांगायचे, तर गेट ही अभियांत्रिकीतल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा हा पहिला दरवाजा आहे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ती देता येते आणि गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. म्हणून यंदाच एकदा देऊन पाहावी. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत पदवीधर अभियंत्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी पदवीला निदान ६० टक्के गुण लागतात, गेट किंवा केंद्राच्या स्वतःच्या परीक्षेतून मुलाखतीला बोलावणे येते, आणि निवड झालेल्यांची नेमणूक अणुऊर्जा विभागाच्या निरनिराळ्या संस्थांत होते. त्यांत नियामक मंडळही येते, पण नेमणूक कुठे होईल हे आपल्या हाती नसते. मंडळ स्वतंत्रपणेही भरती करते. दुसरी वाट एम.टेक.ची. भूकंप अभियांत्रिकीसाठी रुडकीच्या आयआयटीतील विभाग देशात सर्वांत जुना आहे; त्याशिवाय मृदा यांत्रिकी, जलविज्ञान किंवा प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट यांपैकी ज्यात तिचे मन खरोखर रमते, तो विषय तिने खोलवर करावा. आढावा समितीला सगळ्यातले थोडे थोडे जाणणाऱ्यापेक्षा एका विषयाच्या तळाशी गेलेला माणूस अधिक उपयोगी पडतो. आणि लेखनाचा सराव ठेवावा. धारदार प्रश्न ढिसाळ वाक्यात लिहिला की त्याला ढिसाळच उत्तर मिळते.

शेवटी तिच्या वडिलांच्या इच्छेविषयी. तिने पदवीनंतर लगेच तपासणाऱ्यांच्या बाजूला बसावे, असे मलाही वाटत नाही. ज्याने सळया बांधताना पाहिल्या नाहीत, पावसात काँक्रीट ओतायचे की थांबायचे हा निर्णय जवळून अनुभवला नाही आणि ठेकेदारावर वेळेचे किती दडपण असते हे जाणले नाही, त्याचे प्रश्न पुस्तकी राहतात. या उन्हाळ्यात, आणि शक्य झाल्यास पदवीनंतर नेमणूक मिळेपर्यंत, तिने वडिलांच्याच साइटवर काम करावे आणि वडिलांनी तिला कार्यालयातली कामे न देता पाया, शटरिंग आणि काँक्रीटच्या चाचण्या यांची जबाबदारी द्यावी. त्यांनी उभ्या आयुष्यात मिळवलेले ज्ञान तिला कोणत्याही प्रशिक्षण शाळेत मिळणार नाही. ती पुढे धंद्यात राहिली नाही तरी ते वाया जाणार नाही, हे त्यांना तुम्हीच समजावून सांगितले तर ते अधिक ऐकतील, असा माझा अंदाज आहे.

गेटचे अर्ज साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात. त्याआधी एका रविवारी तुम्ही तिघेही भेटायला या, आणि येताना ती पाण्याच्या खुणांची वही बरोबर आणायला तिला सांगा. पाच घरांच्या त्या नोंदी तिने एकाच आधारपातळीवर आणल्या आहेत का, म्हणजे सगळ्या उंची एकाच पातळीपासून मोजल्या आहेत का, हे मला तिच्याकडून समजून घ्यायचे आहे.

आपला,
करिअर मार्गदर्शक